शिट्टी वाजली, चला मळणीला!

अमेरिकेतल्या शिकागो शहरातून रोज दुपारी एक लांबलचक आगगाडी पश्चिमेकडे निघते. तिचं नाव 'कॅलिफोर्निया झेफिर'. दोन दिवस धावून ती थेट पॅसिफिक महासागराच्या बाजूला पोचते. आपल्याला मात्र इतक्या लांब जायचं नाही. गाडी शिकागो सोडून तीन-साडेतीन तास पळाली, की मिसिसिपी नदी लागते. पुलावरून खडखड करत पलीकडे गेलं, की आयोवा राज्य सुरू! नदीकाठचं बर्लिंग्टन मागे टाकलं, की पुढचं स्टेशन माउंट प्लेझंट. इथेच उतरायचं बरं का!

'माउंट' म्हणजे डोंगर. पण गाडीतून उतरून डोंगर शोधू लागाल, तर फसाल. आपल्या सह्याद्रीसारखे कडे, सुळके इथे नावालाही नाहीत. लाटेसारखी हलकेच वर-खाली होणारी जमीन, काळीभोर माती आणि नजर पोचेल तिथपर्यंत मका नाहीतर सोयाबीन. जुलै-ऑगस्टमध्ये मका इतका उंच होतो, की त्यात मोठा माणूससुद्धा दिसेनासा होतो.

गाव तसं लहानच. वस्ती नऊ हजारांच्या आसपास. पण गावाला अभिमान वाटावा अशी माणसं इथे होऊन गेली. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांना ज्यांचं नाव दिलं आहे, ते शास्त्रज्ञ जेम्स व्हॅन ॲलन 1914 साली याच गावात जन्मले. अमेरिकेतली पहिली महिला वकील ॲराबेला मॅन्सफील्ड हिला 1869 साली वकिलीची सनद मिळाली, तीही इथेच.

आपण मात्र आलो आहोत एका जत्रेसाठी. दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते. तो सोमवार धरून आधीचे चार दिवस, असे पाच दिवस माउंट प्लेझंटच्या मॅकमिलन पार्कमध्ये ही जत्रा भरते. ना देवाची, ना पीराची. ही जत्रा आहे मळणीची! तिचं नावच मुळी 'जुन्या मळणीवाल्यांचा मेळावा'. 1950 सालापासून ती भरते आहे.

काळा धूर आणि दहा टनांचं धूड

मैदानाच्या जवळ गेलं, की आधी नाकाला कळतं. दगडी कोळशाचा वास! मग कानाला कळतं. आगगाडीच्या इंजिनासारखी खणखणीत शिट्टी. आणि मग डोळ्यांना दिसतं. उंच धुराडं, माणसाच्या डोक्याइतकी उंच लोखंडी चाकं, पोटात धगधगणारी भट्टी. असं वाफेचं इंजिन, आणि तेही रुळांवर नाही. चक्क गवतावरून, मातीतून चालतंय! एकेकाचं वजन दहा टनांच्या घरात. चाल मात्र माणसाइतकीच. शेजारून चालणारी आजी त्याला सहज मागे टाकेल.

काही इंजिनांवर पृथ्वीच्या गोलावर बसलेल्या गरुडाचं चित्र दिसतं. ती जे. आय. केस या कंपनीची खूण. हा गरुड खराखुरा होता. त्याचं नाव 'ओल्ड एब'. अमेरिकेच्या यादवी युद्धात विस्कॉन्सिन राज्याच्या आठव्या पलटणीनं त्याला पाळलं होतं आणि लढाईत तो पलटणीबरोबर जाई. तोच पुढे इंजिनावर येऊन बसला!

ही इंजिनं शेतात कशाला हवी होती? ते समजायला आपल्याला शे-दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

दांडक्यानं झोडायचं तरी किती?

गहू किंवा ओट कापला, म्हणजे काम संपलं असं नाही. कणसातून दाणा सुटा करायचा, भुसा उडवायचा, मग कुठे धान्य घरात. आपल्याकडे खळं करत. जमीन सारवून, चोपून टणक करायची, मध्ये खांब रोवायचा आणि कणसांवरून बैल फिरवायचे. मग वारा सुटला, की उंचावर उभं राहून धान्य उफणायचं. जड दाणा खाली, हलका भुसा लांब.

अमेरिकेतले शेतकरीही सुरुवातीला असंच काहीतरी करत. घोडे फिरवत, नाहीतर चामड्यानं जोडलेल्या दोन दांडक्यांच्या अवजारानं पेंढ्या झोडपत. दिवसभर झोडून एक माणूस सात-आठ बुशेल गहू काढी. बुशेल हे तिकडचं धान्याचं माप. एक बुशेल गहू म्हणजे साधारण 27 किलो. म्हणजे दिवसभर घाम गाळून हातात काय? सुमारे दोन क्विंटल गहू आणि दुखरे खांदे!

1831 साली सायरस मॅकॉर्मिक यानं घोड्यांनी ओढायचं कापणी यंत्र चालवून दाखवलं. 1837 साली मेन राज्यातल्या हायरम आणि जॉन पिट्स या भावांनी मळणी आणि उफणणी एकदम करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे कापता कापता सुतळीनं पेंढी बांधणारं यंत्र आलं. आणि मळणी यंत्र फिरवायला घोड्यांऐवजी वाफेचं इंजिन आलं. केस कंपनीनं आपलं पहिलं वाफेचं इंजिन 1869 साली बनवलं. ते शेतावर घोड्यांनी ओढून न्यावं लागे. नंतरची इंजिनं स्वतःच्या पायांनी, म्हणजे चाकांनी, चालू लागली.

आता एका दिवसात हजार बुशेलांहून जास्त गहू निघू लागला. सुमारे 270 क्विंटल! कुठे दोन क्विंटल आणि कुठे हे!

पण एकट्याला परवडेना

इथे एक मोठी अडचण उभी राहिली. इंजिन आणि मळणी यंत्र या जोडीची किंमत हजारो डॉलर. साध्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. शिवाय एका शेतावरची मळणी एक-दोन दिवसांत उरकायची. मग उरलेलं वर्ष हे धूड काय परसात शोभेला ठेवायचं?

दुसरी अडचण माणसांची. यंत्र चालायचं, तर त्याला सतत पेंढ्या भरवाव्या लागत. त्यासाठी पंधरा-वीस माणसं आणि सात-आठ घोडागाड्या लागत. एका घरात इतकी माणसं कुठून आणणार? मजूर लावावेत, तर सगळ्यांची मळणी एकाच वेळी आलेली. मजूर मिळणार कुठून?

मग आयोवा, इलिनॉय, इंडियाना, ओहायो अशा राज्यांतल्या शेतकऱ्यांनी एक युक्ती काढली. शेजारच्या दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकत्र यायचं. यंत्र एकच. कुठे सगळ्यांनी वर्गणी काढून ते विकत घेतलं, तर कुठे एखाद्या यंत्रवाल्याशी करार केला, की 'आमच्या सगळ्यांची मळणी तू कर, दर बुशेलामागे इतके पैसे घे'. यंत्र एका शेतावरून दुसऱ्या शेतावर फिरणार आणि त्याच्याबरोबर सगळे शेतकरीही आपापल्या गाड्या-घोड्यांसह फिरणार. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, परवा त्याच्याकडे. असं फिरत फिरत कडं पुरं व्हायचं. म्हणून त्याला नाव पडलं 'थ्रेशिंग रिंग', म्हणजे मळणीचं कडं.

पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत

मळणीच्या दिवशी सगळ्यांत आधी उठायचा तो इंजिनवाला. पहाटे चारच्या सुमाराला तो भट्टी पेटवी, कारण पाणी तापून वाफेचा दाब चढायला दोन-तीन तास लागत. दाब चढला, की शिट्टी! ती कोस-दोन कोस ऐकू जाई. शिट्टी ऐकली, की रस्त्यानं गाड्या येऊ लागत.

शेतात पेंढ्या आधीच उभ्या करून ठेवलेल्या असत. आठ-दहा पेंढ्या एकमेकींना टेकवून, कणसं वर करून, डोक्यावर एक आडवी पेंढी टोपीसारखी. पाऊस आला तर पाणी निथळून जावं म्हणून ही रचना. गाडीवाला शेतात जाई, पेंढ्या भरून आणी आणि यंत्राच्या तोंडाशी गाडी लावी. मग एकेक पेंढी, कणसं पुढे करून, यंत्राच्या तोंडात. एका वेळी ढीगभर टाकल्या, तर यंत्राला ठसका लागे आणि सगळं काम बंद!

यंत्राच्या पोटात काय चाले, ते पाहा. आधी दातेरी लोखंडी ढोल गरगर फिरून कणसं झोडपून काढी. मग हलणाऱ्या चाळण्यांवरून काड पुढे सरके आणि दाणे खाली पडत. पंख्याचा वारा भुसा उडवून लावी. एका बाजूनं स्वच्छ धान्य बाहेर येई आणि मागच्या लांब नळीतून काड भुरभुर उडून डोंगराएवढी गंजी तयार होई. आपलं खळं, बैल, सूप आणि वारा, सगळं एका पेटीत बसवलेलं!

आता एक कोडं. इंजिन आणि मळणी यंत्र एकमेकांना जोडलेले असत एका लांब पट्ट्यानं. हा पट्टा दीडशे फुटांच्या घरात असे आणि मधून त्याला एक पीळ दिलेला असे, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. इतका लांब पट्टा कशाला? कारण इंजिनातून ठिणग्या उडत. जवळ वाळलेल्या काडाची गंजी. एक ठिणगी पडली, की वर्षाची कमाई राख! म्हणून इंजिन लांब उभं करायचं. आणि पीळ कशाला? पीळ दिला, की लांब पट्टा वाऱ्यानं फडफडत नाही आणि चाकावरून सहज निसटत नाही.

मुलांनाही काम असे बरं का! दहा-बारा वर्षांचा मुलगा 'पाणीवाला' होई. ओलं गोणपाट गुंडाळलेलं मातीचं भांडं घेऊन, कधी तट्टावर बसून, तो रानभर फिरे आणि सगळ्यांना गार पाणी पाजी. माठाला ओलं फडकं गुंडाळायची आपली युक्ती तिकडेही होतीच. इंजिनालाही तहान लागे. त्यासाठी ओढ्यावरून हातपंपानं पाण्याची टाकी भरून आणणारा वेगळा गाडीवाला असे. पाणी संपत आलं, की इंजिनवाला आखूड आखूड शिट्ट्या मारी. काम सुरू करायची, काम थांबवायची, पाणी आणायची, अशा शिट्ट्यांच्या खुणा ठरलेल्या असत आणि त्या निरनिराळ्या भागांत थोड्या निरनिराळ्याही असत.

स्वयंपाकघरातलं दुसरं कडं

रानात वीस माणसं राबताहेत. म्हणजे दुपारी वीस ताटं! शिवाय सकाळी दहाला आणि दुपारी चारला मधलं खाणं. ज्याच्या शेतावर मळणी, त्याच्या घरी जेवण, असा रिवाज होता. पण एका घरातल्या बाईला हे कसं झेपावं? मग शेजारच्या बायकाही येत. म्हणजे पुरुषांचं एक कडं शेतात आणि बायकांचं दुसरं कडं चुलीपाशी.

तळलेली कोंबडी, बटाटे, शेंगा, पाव, लोणी आणि शेवटी फळं घालून भाजलेला गोड 'पाय'. हात-तोंड धुवायला अंगणात घंगाळ आणि साबण. पंगत बसली, की चढाओढ. कुणाच्या घरचा पाय सगळ्यांत छान, याची चर्चा पुढची मळणी येईपर्यंत चाले. कुणाकडे जेवण साधं झालं, तर तेही कुणी विसरत नसे!

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पुरुषांच्या कामाचे तास वहीत लिहिले जात; चुलीपाशी राबणाऱ्या बायकांच्या तासांना त्या वहीत जागा नव्हती. त्यांच्याविना मात्र एक पेंढीही मळून झाली नसती.

पहिला नंबर कुणाचा?

आता खरी परीक्षा. यंत्र एक आणि शेतकरी पंधरा. पहिला नंबर कुणाचा?

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? कुणीतरी आधी, कुणीतरी नंतर. पण शेतकऱ्याला विचारा! पेंढ्या शेतात उभ्या आहेत. आज मळणी झाली, तर धान्य कोठारात. दोन आठवड्यांनी झाली आणि मध्ये चार दिवस पावसानं झोडपलं, तर दाण्याला मोड येतात, बुरशी धरते. ओली पेंढी यंत्रातही चालत नाही. वाळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे शेवटच्या नंबरवाल्यानं आधीच्या चौदा जणांच्या शेतावर राबायचं आणि स्वतःचं पीक मात्र आभाळाच्या भरवशावर सोडायचं. नंबर चुकीचा लागला, तर वर्षाचं धान्य हातचं जाई. मग भांडण व्हायला कितीसा वेळ?

म्हणून नियम केले गेले. एक साधा नियम असा: या वर्षी यंत्र वरच्या अंगाच्या शेतापासून सुरू झालं, तर पुढच्या वर्षी खालच्या अंगापासून सुरू करायचं. म्हणजे यंदाचा शेवटचा, तो पुढल्या वर्षी पहिला. कायमचं नुकसान कुणाच्याच नशिबी नको.

दुसरा प्रश्न कष्टांचा. एकाचं शेत मोठं, दुसऱ्याचं छोटं. छोट्या शेतवाल्यानं मोठ्याच्या शेतावर दोन दिवस राबायचं आणि त्याची स्वतःची मळणी मात्र दोन तासांत संपायची, हा कुठला न्याय? म्हणून मोठा शेतकरी दोन माणसं पाठवी, छोटा एकच पाठवी. तरीही फरक उरला, तर हंगाम संपल्यावर हिशेब होई.

आपणही एक हिशेब करून पाहू या. समजा, एका कड्यात सगळ्यांचं मिळून 10,000 बुशेल धान्य निघालं. सगळ्यांनी मिळून 200 दिवसांचं काम केलं. म्हणजे एका दिवसाच्या कामामागे 50 बुशेल. आता एका शेतकऱ्याचं धान्य 500 बुशेल. त्यानं किती दिवस काम द्यायला हवं? 10 दिवस. पण त्यानं दिले 12 दिवस. म्हणजे त्याला दोन दिवसांची मजुरी मिळायला हवी. दुसऱ्या शेतकऱ्याचं धान्य 1,000 बुशेल. त्यानं द्यायला हवेत 20 दिवस, दिले 18. म्हणजे त्यानं दोन दिवसांचे पैसे भरायचे. पाहिलंत? शाळेतली त्रैराशिकं अगदीच वाया जात नाहीत!

हा हिशेब करायला सगळी कुटुंबं एके संध्याकाळी एकत्र जमत. वही उघडली जाई, देणं-घेणं मिटे. आणि मग काय असे, ओळखा? आइस्क्रीम! हातानं फिरवायच्या लाकडी पिंपात केलेलं, घरच्या दुधा-सायीचं. पैशांच्या गोष्टी निघाल्या, की माणसांची तोंडं कडू होतात. ती गोड करायची ही चांगली तोड होती.

सगळंच काही गोड नव्हतं

ही गोष्ट ऐकून वाटेल, काय मजेचे दिवस होते! मजा होती, पण धोकेही होते. धावत्या पट्ट्यात बाही अडकली, की हात जायचा. इंजिनातलं पाणी कमी झालं आणि इंजिनवाल्याचं लक्ष नसलं, की बॉयलर फुटायचा. रस्त्यातले लाकडी पूल बैलगाडी-घोडागाडीसाठी बांधलेले. त्यावर दहा टनांचं इंजिन चढलं, की पूल मोडून इंजिन खाली ओढ्यात! म्हणून पुलावर आधी जाड फळ्या अंथराव्या लागत. दिवसभर धूळ आणि कुसळं नाका-डोळ्यांत जात, ती वेगळीच.

आणि माणसं म्हटली, की रुसवेफुगवे आलेच. कुणी उशिरा येई, कुणी दुबळे घोडे आणी, कुणी आपलं काम झालं की पुढच्याच्या शेताकडे फिरकायची टाळाटाळ करी. पण असं वागणारा फार दिवस कड्यात टिकत नसे. कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शेजाऱ्यांची गरज लागणार होती.

कडं तुटलं

मग हे सगळं गेलं कुठे? आधी वाफेच्या इंजिनाची जागा तेलावर चालणाऱ्या ट्रॅक्टरनं घेतली. तरी कडं टिकून होतं. पण कापणी आणि मळणी एकदम करणारं 'कंबाइन' आलं आणि चित्रच पालटलं. आपल्याकडे त्याला हार्वेस्टर म्हणतात. 1935 साली ॲलिस-चामर्स कंपनीनं एक छोटं कंबाइन विकायला काढलं. पाच फूट रुंदीचा पट्टा कापणारं, लहान ट्रॅक्टरनं ओढता येणारं, एका कुटुंबाला परवडणारं. आता वीस माणसांची गरज नव्हती. बाप आणि मुलगा, दोघांत मळणी!

मग दुसरं महायुद्ध आलं. तरुण मुलं लढाईवर गेली, शेतात माणसं उरली नाहीत. 1944 साली मॅसी-हॅरिस कंपनीनं स्वतः चालणारी 500 कंबाइन यंत्रं मैदानात उतरवली. दक्षिणेत गहू आधी पिकतो, उत्तरेत नंतर. त्या पिकाच्या मागोमाग ही यंत्रं कापणी करत उत्तरेकडे सरकत गेली आणि त्यांनी दहा लाख एकरांहून जास्त शेतं कापली.

1950 सालापर्यंत मळणीची बहुतेक कडी मोडली होती. वाफेची इंजिनं भंगारात जाऊ लागली होती. आणि बरोबर त्याच वर्षी माउंट प्लेझंटला पहिला मेळावा भरला. वस्तू हातची जायला लागली, की तिची किंमत कळते, तसंच झालं म्हणा ना!

जत्रेतली मळणी

आज मॅकमिलन पार्कमध्ये हे सगळं पुन्हा जिवंत होतं. इंजिनवाले आपापली इंजिनं लखलखीत पुसून आणतात. पट्टा चढतो, शिट्टी होते, पेंढ्या यंत्राच्या तोंडात जातात आणि सोनेरी काडाचा फवारा आभाळात उडतो. जुन्या ट्रॅक्टरांच्या रांगाच रांगा असतात. घोड्यांची कामं असतात. मैदानाभोवती छोट्या रुळांवरून वाफेची आगगाडी मुलांना फिरवून आणते. आणि भूक लागली, तर मोठाल्या मांडवांत पोटभर जेवण, अगदी मळणीच्या पंगतीसारखं.

मळणीचं कडं नुसतं जत्रेतच उरलं आहे, असंही नाही. ओहायो राज्यातल्या होम्स काउंटीत अमिश पंथाचे लोक राहतात. ते मोटार घेत नाहीत, घोड्यांनी शेती करतात. त्यांच्यात आजही शेजारी शेजारी मिळून ओटाची मळणी करतात.

आणि गंमत पाहा. आजचं मोठं कंबाइन पाच लाख डॉलरांच्याही वर गेलं आहे. पुन्हा तीच अडचण, एकट्याला परवडत नाही! म्हणून काही शेतकरी पुन्हा दोघं-तिघं मिळून एक यंत्र घेऊ लागले आहेत. फ्रान्समध्ये तर शेतकऱ्यांच्या यंत्र-सहकारी संस्था 1945 पासून आहेत आणि आज त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे. जर्मनीत 1958 साली बव्हेरियातल्या बुखहोफेन या खेड्यात पहिली संघटना निघाली. तिचं नाव काय, तर 'मशीनरिंग'. म्हणजे पुन्हा कडंच!

आणि आपल्या गावात?

हे वाचताना तुमचे आजी-आजोबा जवळ असतील, तर ते हसून म्हणतील, "अरे, ही तर आपली इरजीक!" बरोबर आहे. महाराष्ट्रात एखाद्याचं शेतातलं काम मागे पडलं, की तो इरजीक घाली. सगळा गाव बैल-अवजारं घेऊन त्याच्या रानात उतरे. मजुरी नाही, जेवण मात्र झकास. काम करता करता भलरी म्हणायची, म्हणजे शीण कळत नसे. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करी. दोघांचे दोन बैल मिळून एक जोडी; आज तुझं रान, उद्या माझं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात भातखाचरं बांधायला लोक एकत्र येत, ती पडकई. नावं वेगळी, पण जीव एकच.

2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन येते. एवढ्याशा तुकड्यासाठी ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र, सगळं एकेकट्यानं घ्यायचं म्हटलं, तर जमीन गहाण टाकावी लागेल. म्हणूनच ठिकठिकाणी शेतकऱ्यांचे गट अवजारे बँक चालवतात. बँकेतून पैसे काढावेत, तशी इथून अवजारं भाड्यानं न्यायची आणि काम झालं, की परत आणून ठेवायची. केंद्र सरकारनंही 2014-15 पासून त्यासाठी योजना आखली.

पण यंत्र घेणं सोपं, ते वाटून वापरणं अवघड. पाऊस तोंडावर आलेला असताना पहिला नंबर कुणाचा? यंत्र मोडलं, तर दुरुस्ती कुणी करायची? जास्त रानवाल्यानं किती भरायचं, कमी रानवाल्यानं किती? आयोवाच्या शेतकऱ्यांपुढे होते तेच प्रश्न आपल्याही गटांपुढे आहेत. उत्तरंही तीच आहेत. हिशेब वहीत लिहायचा, नंबर फिरता ठेवायचा, दिलेला शब्द पाळायचा. आणि ज्यांचं काम वहीत येत नाही, त्यांचीही आठवण ठेवायची.

या सुट्टीत गावाला गेलात, तर एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्याकडे इरजीक कशी घालत? सावड कुणाशी होती? पहिला नंबर कसा ठरवत? जेवायला काय असे? आणि ते सांगतील ते एका वहीत लिहून ठेवा. माउंट प्लेझंटच्या लोकांनी आपली इंजिनं भंगारात जाण्याआधी वाचवली. आपल्याकडे वाचवायला इंजिनं नाहीत, पण आठवणी आहेत. त्याही वेळेवर गोळा कराव्या लागतात, पेंढ्यांसारख्या. पाऊस यायच्या आत.